शंका गिळणारं झाड

(नायगाव येथील श्रावण व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



श्रावणाच्या व्याख्यानमालेत संतचरित्र असतं, शेती असते, फार तर आरोग्य असतं. नशा आणणाऱ्या वनस्पतींवर बोलायला कुणाला बोलावत नाहीत. पण विषय श्रावणाला धरूनच आहे. उद्या सोमवार. तुमच्यातले कितीतरी जण पिंडीवर बेलाबरोबर धोतऱ्याचं फूल आणि काटेरी फळ वाहतील. ते शोधायला लांब जावं लागत नाही. उकिरड्याच्या कडेला, पडक्या वाड्यात, नरसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते न लावता उगवतं. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. पलीकडे बिलोली-देगलूरकडच्या तेलुगू घरांत त्याला उम्मेत्त म्हणतात. झाड तेच, धाक तोच.

नसलेलं दिसायला लावणाऱ्या वनस्पती जगात पुष्कळ आहेत. पुस्तकं त्यांची वाटणी रसायनावरून करतात. मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे माझी वाटणी जरा वेगळी आहे. मी एवढंच विचारतो की ज्याला दिसतंय त्याला, हे खरं नसावं, अशी शंका येते का? येत असेल तर तो माणूस अजून आपल्यात आहे. येत नसेल, तर त्याच्या वतीनं शंका घेण्याचं काम भोवतालच्यांवर येतं.

भांगेपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि तिथंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले होते, म्हणजे आपल्या मुलखाच्या वेशीपर्यंत तो येऊन गेलेला माणूस. त्यानं इथल्या औषधी द्रव्यांवर संवादाच्या रूपात पुस्तक लिहिलं, ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची गोष्ट सांगतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण हिंडून यावंसं वाटलं की आपण थोडी भांग खातो, असं सुलतान एका पोर्तुगीज सरदाराला म्हणाला होता. सुलतान रसिक खरा. पण बारकाईनं बघा, ब्राझील फिरून आलो तरी आपण गुजरातेतच होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भांगेचं हेच आहे. तिच्यातलं टीएचसी वेळ ताणतं, पाच मिनिटांचा अर्धा तास होतो. बोलता बोलता वाक्याचा आरंभ विसरतो आणि त्याचंच हसू येतं. जास्त झाली तर भीती बसते, संशय येतो, छाती धडधडते. कोवळ्या वयात रोजची सवय लागली तर मेंदूवर परिणाम राहतो, हेही सांगून ठेवतो. मात्र बहुतेक वेळा, ‘मला चढलीय’ एवढं भान शाबूत असतं.

कायद्यानंही इथं एक रेष ओढली आहे, आणि ती कॉलेजातल्या मुलांनी नीट ऐकावी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे भांग राज्याच्या कायद्याकडे येते. आपल्याकडे त्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तेव्हा महाशिवरात्रीचा प्रसाद म्हणून सगळं माफ, अशा समजात कुणी राहू नये.

दुसरा गट दूरचा आहे, म्हणून लवकर उरकतो. मेक्सिकोतली भुईछत्रं, तिकडचंच पेयोट नावाचं निवडुंग, आणि राय या धान्यावरच्या अरगट बुरशीपासून तयार झालेलं एलएसडी. ही द्रव्यं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ठरावीक ग्राहीवर काम करतात. भिंत श्वास घेतेय असं वाटतं, रंग भडक होतात, डोळे मिटले तरी नक्षी दिसते. अरगट आपल्याला परका नाही. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकट थेंब येतो आणि पुढं दाण्याच्या जागी काळपट गाठ होते, तो त्याचाच भाऊबंद. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्यात अशी बाजरी खाण्यात येऊन माणसं आजारी पडली होती. उलट्या, चक्कर, गुंगी असा तो त्रास. भास नव्हेत, कारण बाजरीवरच्या बुरशीतली अल्कलॉइडं निराळी आहेत. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेलं काढून टाका असं कृषी सहायक सांगतो, ते याच गाठींसाठी.

एलएसडी बनवणारा स्विस रसायनज्ञ आल्बर्ट हॉफमान. त्यानं ते १९३८ मध्ये बनवलं आणि १९ एप्रिल १९४३ रोजी स्वतः घेऊन पाहिलं. सायकलवरून कसाबसा घरी पोचला. शेजारची बाई दूध घेऊन आली, तर ती त्याला रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसली. आपण मरतोय असंही त्याला वाटलं. पण आपण काय घेतलंय हे त्याला आठवत होतं, म्हणूनच डॉक्टरला बोलवा असं तो सांगू शकला. डॉक्टरनं तपासलं, तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, बाकी काहीच नाही. चेटकीण दिसत असताना डॉक्टर मागणं, यालाच मी शंका शाबूत असणं म्हणतो.

आता धोतरा.

याची जात वेगळी. धोतऱ्यातली ॲट्रोपीन, हायोसायमीन, स्कोपोलामीन ही द्रव्यं ॲसिटिलकोलिन नावाच्या निरोप्याची वाट अडवतात. शरीरात हा निरोप्या लाळ सुटवतो, घाम आणतो, बाहुली लहान करतो. मेंदूत लक्ष एका जागी ठेवणं आणि नवी आठवण साठवणं या कामांत त्याचा वाटा मोठा. त्याची वाट बंद झाली की तोंड कोरडंठक्क पडतं, घोट गिळवत नाही, अंग तापतं पण घाम येत नाही, चेहरा लाल होतो, बाहुल्या एवढ्या फाकतात की बुबुळाचा रंगच दिसेनासा होतो. जवळचं वाचता येत नाही. लघवी तुंबते. आणि मग माणूस समोर नसलेल्या माणसाशी बोलू लागतो.

असा रुग्ण एकदा पाहिला की विसरत नाही. तो खाटेवर बसून बोटांच्या टोकांतून दोरे ओढत असतो. दोरे नसतातच. एका हातात न दिसणारी सुई धरून दुसऱ्या हातानं तो तिच्यात दोरा ओवतो, मन लावून, ओठ मुडपून. मध्येच चादरीवरचं काहीतरी वेचतो. बिडी ओढणारा असला तर बोटांत बिडी नसताना झुरके घेतो आणि राखही झटकतो. गेलेल्या आईशी गप्पा मारतो, त्यात रडणं नसतं, घरातलं नेहमीचं बोलणं असतं. ‘इथं कुणी नाहीये’ म्हटलं तर तो तुमच्याकडेच दयेनं बघतो. भांग प्यालेला माणूस अजब काही दिसलं तर दोस्ताला सांगतो. धोतरा पोटात गेलेला काही सांगत नाही, कारण त्याला अजब असं काही दिसतच नाही. सगळं नेहमीसारखंच चाललेलं असतं. दिवस-दोन दिवसांनी उतरतं तेव्हा त्यातलं फारसं आठवतही नाही. जगभरच्या भास आणणाऱ्या वनस्पतींत ज्यांनी शौकानं घेतलं आणि सुखानं आठवलं अशी माणसं धोतऱ्याच्या वाट्याला कमीच, याचं कारण हेच. यात विश्वाचं दर्शन वगैरे काही नाही. हा विषबाधेतला वात आहे, आणि त्यात माणसं दगावतात.

चोरांनी मात्र याचा उपयोग फार लवकर ओळखला. ओर्ताच्या पुस्तकात धोतऱ्यावरही एक प्रकरण आहे. घरातली नोकर माणसं धन्याच्या जेवणात धोतरा कालवतात, मग खाणारा हसत सुटतो, उदार होतो आणि डोळ्यांदेखत दागिने नेऊ देतो, असं तो लिहितो. पुढं इंग्रजी अमदानीत ठगांबरोबरच वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांचा बंदोबस्त हे पोलिसांचं एक कामच होऊन बसलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आणि सरकारी रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस भारतासाठी न्यायवैद्यकाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा सरकारी प्रयोगशाळांत धोतऱ्याची प्रकरणं नित्याची होती. तपासायची रीत मोठी साधी होती. रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा. बाहुली फाकली की संशय बळावला. आज नांदेडच्या स्टेशनवर उभं राहिलात तर अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ-पिऊ नका अशी घोषणा ऐकू येते. हल्ली चोरांच्या बिस्किटात बहुधा झोपेची गोळी असते. धंदा जुना, माल नवा.

कोर्टात एक प्रश्न हमखास निघायचा. पोटात किंवा उरलेल्या अन्नात सापडलेलं बी धोतऱ्याचं की मिरचीचं? आरोपीचा वकील म्हणणार, साहेब, भाजीत मिरची घातली होती. दोन्ही झाडं एकाच कुळातली, बियाही वरवर सारख्या, चपट्या आणि पिवळसर. म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात मी भिंग द्यायचो. मिरचीचं बी लहान, फिकट, गुळगुळीत, त्याला एकच धारदार कड. धोतऱ्याचं बी जरा मोठं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरीकडे झुकलेलं, अंगावर बारीक खड्डे, आणि कड जाड, दुहेरी. आता ब्लेडनं उभं कापा. मिरचीच्या बियातला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला, धोतऱ्याचा टोकाशी बाहेर वळलेला. या एवढ्याशा वळणावर माणसं तुरुंगात गेली आहेत आणि सुटलीही आहेत.

आता आपल्या भागातली गोष्ट. माणूस हवेतले दोरे ओढतोय, मेलेल्या आईशी बोलतोय, डोळे तारवटलेत. गावात पहिला शब्द कोणता निघतो? बाहेरचं झालं. कुणी भानामती म्हणतं, कुणी देवऋषीकडे माणूस धाडतं. इथं मला घोटाळा करायचा नाही. मराठवाड्यातल्या भानामतीचं मूळ धोतऱ्यात नाही. अंगावरच्या बिब्ब्याच्या फुल्या, घरावर पडणारे दगड, पेटणारे कपडे यांमागं माणसाचाच हात असतो, आणि घुमणाऱ्या, भुंकणाऱ्या बायांमागं बहुतेकदा घरातला सोसवेनासा ताण. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव फिरून दाखवलं आहे. माझं म्हणणं उलट दिशेचं आहे. ज्याला खरोखर विषबाधा झाली आहे, तोही त्याच रांगेत बसवला जातो आणि तास वाया जातात. भूत उतरवायला मिरचीची धुरी देणं, साखळीनं बांधून मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ज्याचं अंग घामावाचून तापलंय, काळीज धावतंय, त्याला कोंदट खोलीत धुरी देणं म्हणजे विषाचं उरलेलं काम आपण पुरं करणं.

म्हणून डोळे बघा. बाहुली फाकलेली, जीभ कोरडी, अंग गरम आणि काखही सुकी असेल, तर १०८ ला फोन करा. घरात सापडलेली पानं, फळ, उरलेली भाजी पिशवीत घालून सोबत न्या. त्यावर डॉक्टरचं निदान निम्मं होतं. उलटी करवू नका, पाणी बळंच ओतू नका, गिळता येत नसताना ते श्वासनळीत जातं.

दम्यासाठी आयुर्वेदात कनकासव आहे आणि त्यात धोतरा आहे, असं आता कुणीतरी विचारेल. आहे. जपानच्या हानाओका सेइशू या शल्यवैद्यानं १८०४ साली धोतरा असलेल्या काढ्यानं बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रियाही केली. पण आयुर्वेद त्याला उपविषांत मोजतो, आणि शोधन केल्याशिवाय हात लावत नाही. आपल्या अंगणातल्या झाडाचं शोधन कुणी केलेलं नसतं. एकाच झाडाच्या दोन फळांत विषाचं प्रमाण सारखं नसतं, हे तर वैद्यालाही नजरेनं कळत नाही.

शेवटी सोयाबीन. नांदेड-लातूरच्या माणसासमोर बोलायचं आणि सोयाबीनचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. २०१९ मध्ये युगांडाच्या करामोजा भागात मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाच्या पिठात धोतऱ्याच्या जातीतलं हेच विष निघालं. तीनशेच्या वर माणसं आजारी पडली, पाच दगावली. तण कापणीबरोबर मळणीत आलं की असं होऊ शकतं. आत्ता आपल्या वावरात धोतरा फुलावर आहे, अजून फळ भरायचं आहे, तेव्हा खुरपणीत काढायचा तर हेच दिवस. मळणीनंतर बारीक चाळणी लावा, त्याचं बी सोयाबीनपेक्षा लहान असतं, खाली पडतं. उपटणाऱ्या बायांना हातमोजे द्या आणि हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नका म्हणून बजावा. अमेरिकेत मका काढणाऱ्या मजुरांत हा प्रकार इतका दिसला की डॉक्टरांनी त्याला नावच देऊन टाकलं. रस एका डोळ्यात जातो, तेवढीच एक बाहुली मोठी होते, बाई ठणठणीत असते, आणि तालुक्याचा डॉक्टर मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून तिला स्कॅनसाठी नांदेडला धाडतो.