मेजापलीकडचा माणूस



सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी वातानुकूलित दालनांतल्या अधिकाऱ्यांना रोज सकाळी गल्लोगल्ली धाडले. झाडूवाल्याची अडचण फायलीत उमटत नाही; ती त्याच्याशेजारी उभे राहिल्यावरच दिसते.

मी मात्र सारी कारकुनी खुर्चीवरूनच केली. आमचा एक शिपाई वारंवार उशिरा येई. मी हजेरीपटावर तांबडी खूण करी, आणि (खरे सांगतो) त्यात मला समाधानही वाटे. त्याची पत्नी अंथरुणाला खिळली होती, हे मला त्याच्या निवृत्तीनंतर कळले. त्याचे स्टूल माझ्या मेजापासून चार पावलांवर होते.