अनाथांचा वाडा कीं अनाथांचीं घरें?
(वर्गणीदारांच्या सभेंतील भाषण)



पाऊस पडला म्हणजे अन्नछत्रें बंद होतात. पोरकीं झालेलीं मुलें मात्र मागें राहतात. त्यांच्याकरितां एक भव्य इमारत बांधावी, असें बहुतेकांचें मत दिसतें. एका उदार गृहस्थांनीं त्यासाठीं मोठी रक्कमही देऊं केली आहे. दर्शनी कमानीवर त्यांचें नांव असावें एवढीच अट. या बेताविषयीं विलायतेंतील दोन उदाहरणें आम्हांस आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत.

ब्रिस्टल शहरीं जॉर्ज म्युलर यांनीं १८३६ सालीं भाड्याच्या घरांत अनाथ मुलींचा सांभाळ आरंभिला. पुढें शेजाऱ्यांस मुलांचा गलबला सोसेना. तेव्हां अ‍ॅश्ले डाऊनच्या टेकाडावर १८४९ सालीं ३०० मुलांपुरती दगडी इमारत उभी राहिली. १८७० पर्यंत अशा पांच होऊन २,०५० मुलांची सोय झाली. बाहेरून नक्षीकाम जवळजवळ नाहींच. आंत निजण्याचीं लांबच लांब दालनें. म्युलर कोणापाशीं याचना करीत नसत, पण आलेल्या पैपैचा हिशेब दरसाल छापीत. आम्हां वकिलांस हें फार आवडतें! त्यांच्या चरित्राची छाप पंडिता रमाबाईंवर पडली होती. आणि १८९७ च्या दुष्काळांतील निराधार मुलींस बाईंनीं केडगांवीं आश्रय दिला, हें आपण जाणतांच.

तथापि शेंकडों मुलें एका छपराखालीं ठेविलीं कीं शिस्त राहते, घरपण राहत नाहीं. लंडनजवळ बार्किंगसाइड येथें डॉक्टर बार्नार्डो यांनीं प्रथम मुलींस एकत्रच ठेविलें होतें. तें त्यांच्या मनास येईना. म्हणून १८७६ सालीं त्यांनीं हिरवळीभोंवतीं लहान लहान घरांचें गांवच वसविलें. प्रत्येक घरांत थोड्या मुली, धाकट्या-थोरल्या मिळून. त्यांची एक 'आई', आणि चूल वेगळी. यांतील कित्येक घरें एकेका दात्यानें बांधून दिलेलीं होतीं.

बार्नार्डो यांचें सगळेंच अनुकरणीय होतें असें नव्हे. १८७७ सालीं त्यांच्यावरील आरोपांची पंचांपुढें चौकशी झाली. बहुतेक आरोपांतून ते सुटले. परंतु मुलांचीं बनावट छायाचित्रें काढल्याबद्दल ठपका आलाच, व पुढें कारभारावर विश्वस्त आले. आमच्या मंडळानें ते पहिल्या दिवसापासूनच नेमावे.

कमानीचा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांस आमची नम्र विनंति आहे कीं, त्याच रकमेंत त्यांनीं वीस मुलांचें एक घर बांधावें व उरलेल्या पैशांतून तेथील धान्याची तरतूद करावी. नांव त्या घराच्या दारावर घालूं. इतरांसाठीं वर्गणीची वही चिटणिसांजवळ आहे.