वानखडे सर आणि त्यांचे सोबती
(वर्धापनदिनी विहारात झालेले भाषण)



आज आम्ही इंग्रजीच्या एका प्राध्यापकाविषयी चार शब्द बोलणार आहोत. डॉ. म. ना. वानखडे त्यांचं नाव.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. वानखडे सर तिथले प्राचार्य होते. अमेरिकेत शिकून आलेला माणूस! तिथले कृष्णवर्णीय लेखक आपलं दुःख स्वतःच्या तोंडाने सांगतात, हे सरांनी जाणलं. मग आपलीच पोरं गप्प का?

सरांनी माणसं जोडली. मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे त्यांचे सोबती झाले. १९६७ साली 'अस्मिता' निघालं, त्याचंच पुढे 'अस्मितादर्श' झालं. ज्यांच्या घरात कधी पाटी-पेन्सिल नव्हती, त्यांचं लिखाण त्यात छापून आलं. सर १९७८ साली गेले. पानतावणे सरांनी मात्र नियतकालिक पुढे कित्येक वर्षं चालवलं. दोस्ती अशी असते बघा. एक गेला, तर दुसऱ्याने काम खांद्यावर घ्यायचं.

आता आपलं बघू. गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नाही. यंदा त्या दिवसांत मुलांनी आजीजवळ बसावं. तिने काय सोसलं, कुठल्या पाणवठ्यावरून तिला हाकललं, ते वहीत उतरवावं. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. आजी गेल्यावर विचारायचं कुणाला?

एवढं बोलून आम्ही थांबतो. जय भीम!