विशेष काही नाही



दीक्षान्त भाषणाला कुलगुरू बोलावतात, शास्त्रज्ञ बोलावतात, नाहीतर एखादा उद्योजक. मी यांतला कुणी नाही. मी याच कॉलेजचा १९८८ सालचा बी.ए. इतकी वर्षं कॉलेजसाठी मी एकच काम केलं: माजी विद्यार्थ्यांची पत्रिका काढली. वर्षातून दोन अंक, सोळा पानं, आणि शेवटच्या चार पानांवर ‘हालहवाल’ नावाचं सदर. कोण कुठे आहे, काय करतो, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं. आधी पोस्टकार्डं यायची, मग ईमेल, आता व्हॉट्सॲप. हजारो माणसांनी आपल्या आयुष्याची दोन-दोन ओळींत दिलेली बातमी मी वाचली आहे. एवढ्याच भांडवलावर आज तुमच्यापुढे उभा आहे.

या सदरात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य तुम्ही ओळखाल. ‘विशेष काही नाही.’

एका बाईंचं कार्ड दरवर्षी यायचं. ‘विशेष काही नाही. घरीच असते.’ मी ते तसंच छापायचो. आमच्या पत्रिकेची अक्षरजुळणी शुक्रवार पेठेतून होऊन यायची. मजकूर प्रेसचा पोऱ्या न्यायचा, आणायचा. काम नीटनेटकं, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडू नये. चौथ्या वर्षी एका शब्दावर अडलं म्हणून मी स्वतः गेलो, तर संगणकापुढे त्याच बाई. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. बाहेरची नोकरी शक्य नव्हती, म्हणून घराच्या एका कोपऱ्यात डीटीपीचं काम सुरू केलं आणि त्यावर दोन मुलांची शिक्षणं केली. दर वर्षी ‘घरीच असते’ ही ओळ त्या स्वतःच जुळवत होत्या, स्वतःच तपासत होत्या. मी म्हटलं, “अहो, हे कळवायचं नाही का?” त्या म्हणाल्या, “यात कळवण्यासारखं काय आहे?”

दुसरा एक मुलगा. हुशार. पदवीनंतर स्पर्धा परीक्षांच्या मागे लागला. तीन वर्षं त्याचा निरोप यायचा, ‘अभ्यास चालू आहे.’ मग निरोप थांबला. व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही तो बाहेर पडला. पुढे सदाशिव पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात भेटला, दुकान त्याचंच. पाच प्रयत्न झाले होते, दोनदा मेन्सपर्यंत पोचला होता. मी विचारलं, इतकी वर्षं होतास कुठे? तो म्हणाला, “सर, पास झाल्यावर कळवणार होतो.”

आज तुमच्याशी बोलायचंय ते या वाक्याबद्दल. ‘झाल्यावर कळवणार होतो.’

आपल्या जुन्या पत्रांचा एक रिवाज होता. आधी मायना, मग ‘विनंती विशेष’, त्याचं पुढे आकसून झालेलं ‘वि. वि.’, मग इकडचं क्षेम, तिकडचं क्षेम, आणि मग मजकूर. ‘विशेष’ म्हणजे काही पराक्रम नव्हे. मायना संपला, आता सांगायचं ते सांगतो, एवढीच ती खूण. पाऊस कमी पडला, बैल विकला, धाकटी आता चालू लागली, हेही त्यात यायचं. आम्ही मात्र ‘विशेष’चा अर्थ बढती, बदली आणि बक्षीस एवढाच करून ठेवला. मग ज्याच्याकडे यातलं काही नाही, तो लिहीतच नाही.

मराठीत पदवीधराने घरी लिहिलेल्या पत्रांतलं सर्वांत गाजलेलं पत्र आगरकरांचं. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, हालअपेष्टा काढून डेक्कन कॉलेजात एम.ए.पर्यंत पोचलेला मुलगा आईला कळवतो की मोठ्या पगाराची स्वप्नं पाहू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. पुढे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. या पत्रातला त्याग आपण वाखाणतो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. ही बातमी आईला आवडणारी नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ती आधी कळवली. काहीतरी करून दाखवल्यावर सांगू, असं म्हणत थांबले नाहीत. आणि थांबायला वेळही नव्हता. १८९५ साली ते गेले तेव्हा वयाची चाळिशीही झालेली नव्हती.

ज्या डेक्कन कॉलेजात ते शिकले, त्याची गोष्ट लहान कॉलेजांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेपासून त्याचा वंश सांगतात. येरवड्याच्या दगडी इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी देणगी दिली. टिळक तिथले, आगरकर तिथले. तरी १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं. टिळकांना जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आगरकरांना जवळजवळ चाळीस. नामवंतांची पुण्याई कॉलेज वाचवायला आली नाही. धावून आले ते माजी विद्यार्थी. ते एकत्र जमले, कोर्टात गेले, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये कॉलेज पुन्हा उघडलं, संशोधन संस्था म्हणून. तिथे मग सुमित्र मंगेश कत्रे आले, हसमुख सांकलिया आले, इरावती कर्वे आल्या. नेवासे आणि इनामगावची उत्खननं, संस्कृतच्या महाकोशाचं आजही चालू असलेलं काम, हे सगळं त्या उघडलेल्या दरवाजातून आत आलं.

कोर्टात गेलेल्या त्या माजी विद्यार्थ्यांतल्या किती जणांची नावं आपण सांगू शकू? मला तरी फारशी सांगता येणार नाहीत. पण एक गोष्ट उघड आहे. कॉलेज बंद पडल्यावर ते जमू शकले, कारण त्याआधी त्यांचा एकमेकांशी संबंध होता. कोण कुठे आहे हे कुणाला तरी माहीत होतं. गरज पडल्यावर पत्ते शोधत बसावं लागलं असतं, तर ते जमतेच ना.

आता नदीच्या अलीकडे या, कर्वेनगरला. तेव्हाचं हिंगणे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि शिकवून झाल्यावर पायी हिंगण्याच्या आश्रमात जायचे, हे पुण्यात लहान मुलांनाही सांगतात. १९१६ साली त्यांनी तिथे महिला विद्यापीठ काढलं. विद्यापीठ हे नाव मोठं. मुली बोटांवर मोजाव्यात इतक्या. शिक्षण मराठीतून. सरकारी मान्यता नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं नव्हती; कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडलं. म्हणजे सुरुवातीच्या मुलींनी जी पदवी घेतली तिला बाजारात किंमत नव्हती. पदवीचं नाव मात्र मोठं सुंदर: गृहीतागमा, जिने विद्या घेतली ती. आणि पुढची पदवी प्रदेयागमा, जिने ती आता द्यायची.

त्या पदवीधरांत बाळूताई खरे नावाची मुलगी होती. तिने पुढे काय केलं? शाळेत शिक्षिका झाली. आमच्या ‘हालहवाल’मध्ये एका ओळीत मावेल एवढंच. पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक निघालं, लेखिका विभावरी शिरूरकर, आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं हे कुणी बाई इतकं उघड लिहील, हे लोकांना पचेना. या विभावरी म्हणजेच बाळूताई, पुढच्या मालतीबाई बेडेकर. सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी काम केलं, आणि तारेच्या कुंपणामागे पाहिलेलं जग १९५० साली ‘बळी’ या कादंबरीत उतरलं. ‘हल्ली शिक्षिका आहे’ या ओळीमागे काय काय दडलेलं असू शकतं, ते पाहा.

पण इथे मी तुम्हाला फसवू इच्छित नाही. प्रत्येक ‘विशेष काही नाही’च्या मागे विभावरी नसते. बहुतेकांच्या मागे एक साधं आयुष्य असतं: हप्ते, बस, आईची औषधं, रविवारची मिसळ. ते पुढे मोठं होईल म्हणून कळवायचं नाही. ते आहे म्हणून कळवायचं.

अण्णासाहेब, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांनी १९१५ साली ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केलं. त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग आहे. वय सतरा. पब्लिक सर्व्हिस परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला, पावसाळ्यात, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक पायी. तिथे पोचल्यावर परीक्षा समितीने सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, आणि परत पाठवलं. सगळी पायपीट फुकट. हा प्रसंग आपल्याला माहीत आहे, कारण तो त्यांनी लपवला नाही. परीक्षेला बसूच न शकलेल्या मुलाची हकिगत ते शंभर वर्षांचे होऊन १९५८ साली भारतरत्न झाल्यावरही सांगितली जाते. आणि त्याच घरातून १९४४ साली दुसरं पुस्तक आलं, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं, म्हणजे बायांचं ‘माझे पुराण’. संस्थेसाठी वाहून घेतलेल्या माणसाचा संसार कुणी कसा चालवला, ते त्यात आहे. एकाच घराच्या दोन हालहवाली. एकच वाचली असती तर अर्धंच घर दिसलं असतं.

म्हणून आज आधी कॉलेजकडे एक मागणं. प्राचार्य महाराज, आपला माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म मी पाहिला. पदनाम, कंपनी, वार्षिक उत्पन्न, उच्च शिक्षण असल्यास तपशील. नॅकच्या मूल्यांकनाला हे लागतं, मला कळतं. पण खाली चार रेघा मोकळ्या सोडा, आणि वर लिहा, ‘सध्या कसं चाललंय?’ आपलं कॉलेज लहान आहे. आपल्याकडे तीन इमारती नाहीत, पार्किंगही धड नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या मुलाला फाटकावरचे मामा अजून नावाने हाक मारतात. मोठ्या विद्यापीठाला हे परवडत नाही. आपल्याला परवडतं, तर ते वापरूया.

आणि तुम्हा मुलांकडे मागणं. तुमच्यातले काही उद्या हिंजवडीच्या बसमध्ये असतील, काही अभ्यासिकेत, काही गावी दुकानावर किंवा शेतावर. पहिली नोकरी सुटेल तेव्हा कळवा. परीक्षा राहिली तर कळवा. बाप आजारी पडला म्हणून दोन वर्षं कुठेच गेलो नाही, हे कळवा. उत्तर म्हणून आम्ही सल्ला देणार नाही, ते वचन देतो. आणि ज्याने कळवणं बंद केलं, त्याला तुम्ही एक फोन करा. ‘काय करतोस?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला तो घाबरून आहे. ‘जेवलास का?’ विचारा. पुढचं तो सांगेल. झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या मुलाला मी हे फार उशिरा विचारलं.

पदवीदानाच्या उपदेशाचं मूळ तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत आहे. निघालेल्या शिष्याला गुरू तिथे पुष्कळ काही सांगतो. त्यात दोन गोष्टी मला फार आवडतात. एक, आमचं जे चांगलं असेल तेवढंच घ्या, बाकीचं घेऊ नका. असं म्हणायला गुरूच हवा. आणि दुसरी, आचार्याला आवडेल असं धन आणून दे.

या मागच्या रांगेत तुमचे शिक्षक बसले आहेत. त्यांना कोणतं धन आवडतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. अंक छापून आला की ते शेवटच्या चार पानांपासून वाचायला लागतात, आणि बोट खाली सरकवत तुमचं नाव शोधतात.