गुडघे दुखतात, म्हणून येत नाही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी हजेरी झाली तेव्हा "हजर" म्हणून उभं राहताना कितीजणांनी बाकाला धरलं, ते मी बघत होतो. हाडांचा डॉक्टर आहे, सवय जात नाही! याच बाकांवरून उड्या मारल्याबद्दल आपण छड्या खाल्ल्यात.

संयोजकांनी सांधेदुखीवर बोलायला सांगितलंय. तेलं आणि पट्ट्यांबद्दल तुम्ही रोज ऐकता. मी माझ्या एका चुकीबद्दल बोलतो.

माझी थोरली बहीण याच शाळेची, खो-खोच्या संघातली. साठीनंतर तिच्या गुडघ्यांची झीज सुरू झाली. मी एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवले. पुढे तिनं भजनी मंडळ सोडलं, मग लग्नकार्याला जाणं सोडलं. जेवण कमी झालं. पहाटे तीनला जाग यायची. विचारलं की उत्तर एकच, "गुडघे दुखतात रे." मी गोळी बदलून द्यायचो. असं दीड वर्ष चाललं. शेवटी भाची म्हणाली, "मामा, एक्स-रे आहे तसाच आहे म्हणतोस, मग आई एवढी का बदलली?"

ताईला नैराश्य आलं होतं आणि डॉक्टर भावाला ते दिसलं नव्हतं.

हे दोन आजार एकमेकांना धरून चालतात. दुखतं म्हणून माणूस हलत नाही. न हलल्यानं मांडीचे स्नायू अशक्त होतात, गुडघ्यावर भार वाढतो, आणखी दुखतं. झोप मोडते, माणसं तुटतात, मन खचतं. खचलेल्या मनाला तीच वेदना जास्त जाणवते, कारण मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मनःस्थिती आणि वेदना दोन्हींशी निगडित आहेत. आपल्या वयात नैराश्य नेहमी रडत येत नाही. अंगदुखीच्या तक्रारी घेऊनही येतं.

अमेरिकेत सांधेदुखी आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 1001 ज्येष्ठांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. नैराश्यावर नीट उपचार मिळालेल्यांचं दुखणंही कमी झालं आणि रोजची कामं सोपी झाली.

म्हणून आता मी प्रत्येक वयस्क रुग्णाला दोन प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत बऱ्याचदा उदास, हताश वाटलं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? एकाचंही उत्तर "हो" आलं, तर पुढची तपासणी हवी. जगणंच नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

ताईवर मानसोपचारतज्ज्ञांनी उपचार केले. हळूहळू ती व्यायामही करू लागली. गुडघे आजही झिजलेलेच आहेत, पण काठी टेकत ती भजनाला जाते, आणि उशीर झाला की मला फोनवर रागावते.

मित्रांनो, आज हजेरीत तिघांच्या नावापुढे एकच निरोप वाचला गेला: "गुडघे दुखतात, म्हणून येत नाही." कदाचित खरंच तेवढंच असेल. तरी घरी जाण्याआधी त्यांना फोन करूया. गुडघ्यांची चौकशी झाली, की फोन लगेच ठेवू नका. "बाकी कसं वाटतंय?" एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.