पंडिता रमाबाई : शंका, दुःख आणि आशा



आजच्या व्याख्यानासाठी चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘पंडिता रमाबाईंची ख्रिस्ती श्रद्धा’ असे सांगितले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “त्यापेक्षा ‘रमाबाईंचे स्त्रीशिक्षणाचे कार्य’ असे ठेवू या का? लोकांना जवळचे वाटेल.” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. रमाबाईंचे शारदासदन आपण आपले म्हणतो, केडगावचे मुक्तिसदन आपले म्हणतो. परंतु ज्या श्रद्धेवर हे सारे उभे राहिले, तिला अडचणीच्या पाहुण्यासारखे माजघरात बसवून ठेवतो. आज तिला ओटीवर आणावे, असे माझ्या मनात आहे.

मी ख्रिस्ती नाही, आणि धर्मांतराची बाजू मांडण्यासाठी किंवा खोडण्यासाठीही मी उभा नाही. माझे कारण खाजगी आहे. ते एकदाच सांगून टाकतो. नऊ वर्षांपूर्वी माझी मुलगी गेली. सव्वीस वर्षांची होती. भेटायला येणाऱ्यांनी जे सांगायची रीत आहे ते सांगितले : प्रारब्ध, ऋणानुबंध, चांगली माणसे देवालाही हवी असतात. सगळे मायेनेच बोलत होते. परंतु प्रत्येक वाक्यागणिक मला वाटे, माझ्या मुलीच्या मरणाचा हिशेब कोणीतरी परस्पर मिटवून टाकीत आहे. त्या दिवसांत रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली लहानशी साक्ष हाती आली, आणि पुढे १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार. त्यात माझे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. सोबत मिळाली, एवढे म्हणेन.

रमाबाईंचे बालपण आपणांस ठाऊक आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकविले, बायकोने मुलीला शिकविले, आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत देशभर पायी हिंडले. या कथेतला शेवटचा भाग मात्र आपण घाईने उलटतो. दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत खर्चून झाले होते. मजुरी करण्याची सवय नव्हती, आणि भीक मागण्याची लाज होती. तिरुपतीच्या बाजूच्या अरण्यात अकरा दिवस झाडपाला आणि पाणी यांवर काढल्याचे रमाबाईंनी लिहिले आहे. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे बहीण गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई स्वतः. बुटकी असल्यामुळे तिचा खांदा तिरडीला पुरेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. ज्या मुलीने आईची तिरडी अशी डोक्यावरून वाहिली, तिला पुढे ‘आशा’ हा शब्द कसा उच्चारवला असेल?

१८७८ साली ही दोघे भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटले, ‘सरस्वती’ म्हटले. याच सुमारास ती पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेली. तेथे मंडळी गुडघे टेकून खुर्च्यांपुढे तोंड करून बसली. या लोकांचा देव म्हणजे खुर्ची असावी, असा या दोघांचा समज झाला! (हसू नका. परक्याच्या देवघरात पहिल्यांदा शिरताना आपण सगळे असेच शिरतो.) पुढे १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंच्या जवळ एक तान्ही मुलगी आणि डोक्यात पाठ असलेले हजारो श्लोक, एवढीच शिल्लक होती.

ती पुण्यास आली. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर कमिशनपुढील साक्ष हे सारे आपल्याच गावचे असल्यामुळे मी ते सांगत बसत नाही. १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी ती इंग्लंडला गेली. कानांनी ऐकू कमी येई, त्यामुळे तो मार्गही बंद झाला. आणि तेथे वाँटिज येथील जोगिणींच्या मठात, ज्या एका स्त्रीच्या सोबतीने ती समुद्र ओलांडून गेली होती, त्या आनंदीबाई भगत यांनी आपल्या हाताने जीवनाचा अंत केला. त्यानंतर थोड्याच काळाने, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

एकटी पडलेली विधवा, परका मुलुख, भोवती जोगिणी. मग दुसरे काय होणार, असे आपण म्हणतो. मीही म्हणत असे. परंतु रमाबाईंनी स्वतः जे कारण दिले आहे ते वेगळे आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे या जोगिणींनी, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी, चालविलेले एक घर तिला दाखविण्यात आले. ज्यांचे नावही सभ्य घरांत घेत नाहीत अशा बायकांशी तेथे मायेने बोलत होते. असे आपल्याकडे तिने कधी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे तिने विचारले. त्यांनी तिला येशूची आणि विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखविली. पंडितेच्या मनाचे दार वादाने उघडले नाही, एका घरातली वागणूक पाहून उघडले. बुद्धीचे समाधान करण्याचे काम मागाहून आमच्याच एका शास्त्र्याने केले : नीलकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ साली ख्रिस्ती झाला, आणि स्वतः जन्मभर शंकांनी पोळत राहिला.

शंकांचे बोलायचे तर रमाबाईंच्या शंका बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाल्या नाहीत. उलट वर आल्या. ख्रिस्त देव कसा, एकात तीन कसे, चमत्कार मानलेच पाहिजेत का, अमुक पंथाचा पाद्री सांगतो म्हणून ते का मानायचे, असे प्रश्न ती पत्रांतून विचारीत राहिली. तिची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन कळवळ्याची बाई होती, पण शिष्येने निमूट ऐकावे अशी तिची अपेक्षा. रमाबाईंनी तिला जे उत्तर लिहिले त्याचा आशय असा, की हिंदुस्थानातल्या भटभिक्षुकांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे. आता दुसऱ्या कोणाचे मी घेणार नाही. अंडे घातलेला पदार्थ ती खाईना, तर तो तिचा जातीचा अहंकार ठरला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यावर तिने विचारले, की आमच्या संस्कृतापेक्षा ही भाषा अधिक पवित्र कशी? चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र तिला प्रश्न विचारू दिले. एखाद्या जिवाचा विश्वास टिकतो किंवा मोडतो तो पुष्कळदा अशा एका माणसामुळे, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

येथे ख्रिस्ती धर्मग्रंथाबद्दल एक सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्यांना ते सहसा माहीत नसते. त्या ग्रंथात शंकेला जागा आहे, आणि ती कोपऱ्यात नाही. ईयोबाचे पुस्तकच घ्या. या निरपराध माणसाची मुले मेली, गुरेढोरे गेली, अंगावर गळवे उठली. तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस ते त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले. तेवढेच त्यांनी चांगले केले. मग तोंड उघडून ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले, आणि ईयोब देवाशी भांडू लागला. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. भांडणारा ईयोब माझ्याविषयी खरे बोलला, असा निवाडा त्याने दिला. माझ्या घरी आलेल्या मंडळींची आठवण होऊन मला त्या पानावर किती बरे वाटले, काय सांगू! (ती मंडळी येथे बसली असतील तर त्यांनी राग मानू नये.) आणि पुढे वधस्तंभावर खुद्द येशूच, देवा, तू मला का टाकलेस, असा टाहो फोडतो. हे शब्द एका जुन्या स्तोत्रातले आहेत. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना ते गाळता आले असते, तरी दोघांनी ते जसेच्या तसे ठेवले आहेत.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. इतके दिवस त्या धर्माचा अभ्यास करीत होत्या, मते पारखीत होत्या, पात्र होऊ पाहत होत्या. स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा अधिकार नाही, हे ज्या मुलीने शास्त्रांतून पाठ केले होते, तिची पात्रतेची ओढ समजण्यासारखी आहे. आता त्यांना वाटले, की आहोत तसे आपण आधीच स्वीकारले गेलो आहोत. यापुढे त्या पंथांच्या वादात फारशा पडल्या नाहीत. १८९३ साली शारदासदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात वादळ झाले, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे, मी माझ्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करते. ते बंद करणार नाही. पालकांना दिलेल्या शब्दाचा विचार केला तर रानड्यांची बाजू मला आजही पोकळ वाटत नाही. हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता, आणि तो सुटला नाही.

आता त्या शब्दाकडे येतो. ख्रिस्ती लोक विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण मानतात. विश्वास आणि प्रीती आपल्याला पटतात. मधली ही आशा आपल्या कानाला खटकते. आपल्या भाषेत आशा ही बेडी आहे. आपण ‘आशाळभूत’ म्हणतो, ‘वेडी आशा’ म्हणतो. आशा सुटली की माणूस सुखी झाला, असे संतांनी आणि सुभाषितकारांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. तुकोबांनीही दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, आणि त्या आगीतून ते निघाले ते पाश तोडीत निघाले. तो मार्ग थोर आहे. परंतु रमाबाईंची आशा याच्या उलट जातीची नाही, ती निराळ्याच जातीची आहे. माझे दुःख मिटेल, गेलेले परत येईल, असे तीत काही नाही. जे झाले ते देवाला मंजूर होते असेही तीत नाही. अरण्यातले ते अकरा दिवस वाईटच होते. देव त्या दिवसांचा कर्ता नव्हे, त्या दिवसांतला उपाशी माणूस आहे, आणि शेवटचा शब्द उपासमारीचा नाही, एवढेच तीत आहे.

हे मी पुस्तकातून काढले असे समजू नका. ते केडगावच्या हिशेबातून काढले आहे. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंना आपले लहानपण आठवले, आणि पैसा हाती नसता त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या जमिनीवर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींना उवा होत्या, खरूज होती. त्या अन्न चोरून लपवून ठेवीत. त्यांना माग शिकविला, तेलघाणा शिकविला, छापखाना शिकविला. आंधळ्यांसाठी मनोरमाबाईंनी परदेशातून बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकून आणली. १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि मुली रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. तो प्रकार माझ्या स्वभावाच्या पलीकडचा आहे, त्यावर मी बोलत नाही. पण चोरून ठेवलेली भाकरी बाहेर काढून शेजारणीला देणारी मुलगी मला कळते.

उतारवयात रमाबाईंनी एकच ध्यास घेतला : सबंध बायबल शिकलेल्यांच्या मराठीतून काढून अडाणी बाईला कळेल अशा मराठीत आणायचे. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत शब्दांवर जन्म काढलेली ही पंडिता संस्कृत शब्द एकेक करून टाकून देत होती. जुळणी, छपाई सारे केडगावच्या बायकांच्याच हातून.

आणि मग १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांच्या होत्या. आईच्या मागे संस्था चालवायची त्यांनीच, असे ठरलेले होते. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता हिशेबातली शेवटची ओळ. मी या पानाशी पुष्कळ दिवस थांबलो होतो. रमाबाई काय म्हणाल्या असतील, ते मी शोधत होतो. मला माझ्यासाठी एखादे वाक्य हवे होते.

तसे वाक्य मला सापडले नाही. सापडले ते एवढेच, की त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. त्या वर्षाच्या पावसाळ्यात बसल्या, हिवाळ्यात बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा तपासण्याचे काम होत आले होते. दहा दिवस आणखी मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते बरोबर मिळाले, अशी एक गोष्ट सांगतात. मी ती मोजून पाहिलेली नाही. ग्रंथ छापून बाहेर पडला १९२४ साली.

माझ्या मुलीच्या टेबलावर तिच्या विद्यार्थ्यांच्या अर्ध्या तपासलेल्या वह्या पडून होत्या. त्या तशाच बांधून ठेवायच्या असे आम्ही ठरविले होते. रमाबाईंचे ते पान वाचल्यानंतर एका रविवारी मी गठ्ठा सोडला आणि तिच्याच लाल पेन्सिलीने उरलेल्या वह्या तपासल्या. सतरा होत्या. सोमवारी शाळेत नेऊन दिल्या.