आधी विचारू, मग देऊ
(इचलकरंजी येथील हितचिंतक मेळाव्यात केलेले भाषण)



अंदमानला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "सावरकरांची कोठडी पाहिली का?" पाहिली, डोकं टेकवून आलो. पण आज बोलायचं आहे ते त्या बेटांच्या मूळ रहिवाशांबद्दल.

गेल्या मेळाव्यात इथल्याच एका यंत्रमागधारकांनी विचारलं होतं, "जारवांसाठी किती तागे पाठवू?" वस्त्रनगरीला शोभेलसाच प्रश्न. मी म्हणालो, "दादा, एकही नको." त्यांना वाईट वाटलं, म्हणून कारण सांगतो.

ही बेटं चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे १२०० किलोमीटरवर. दाट जंगल, किनाऱ्याला खारफुटी, वर्षातले बरेच महिने पाऊस. जारवा तिथे शिकार, मासे, मध आणि कंदमुळांवर जगतात. त्या दमट हवेत ओला कपडा अंगावरच वाळतो आणि कातडीचे रोग होतात. शिवाय आपल्या संपर्काबरोबर आपले आजारही जातात. १८७७ साली ग्रेट अंदमानी लोकांत गोवराची साथ आली. अशा साथींनी तो समाज खचत गेला. २०११ च्या जनगणनेत ते अवघे ४४ होते, तर जारवा ३८०. १९९९ मध्ये जारवांतही गोवर शिरला. डॉ. रतनचंद्र कर यांनी त्यांचा विश्वास मिळवून उपचार केले. पुढे २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जारवांच्या राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय जायला कायद्याने बंदी आहे, ती याचसाठी. तिथे दूर राहणं हीच सेवा.

दक्षिणेकडच्या निकोबारची गोष्ट वेगळी. निकोबारी मुलं शाळा-कॉलेजात जातात, फुटबॉल खेळतात. त्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबाला 'तुहेत' म्हणतात; जमीन आणि नारळाच्या बागा साऱ्या तुहेतच्या. २००४ च्या त्सुनामीत गावंच्या गावं वाहून गेली. मदत पुष्कळ आली, पण खांबांवरच्या हवेशीर झोपड्यांत राहणाऱ्यांच्या वाट्याला पत्र्याचे तापणारे निवारे आले. देणाऱ्यांची नियत चांगलीच होती. पण राहणाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं.

म्हणून या खेपेस मी एका वसतिगृहातल्या निकोबारी मुलांना विचारलं, "काय हवं?" वाटलं, चादरी म्हणतील. ती म्हणाली, "मच्छरदाण्या."

हे मी त्या यंत्रमागधारकांना सांगितलं. त्यांनी तागे बाजारात विकले आणि मच्छरदाण्यांचे पैसे आणून दिले.

देणाऱ्याला आपण दाता म्हणतो. विचारून देणारा त्या मुलांचा शेजारी होतो. आपण शेजारी होऊ या.